संचारबंदी लागली तर घरात काय असावं?

प्रश्न : ‘देशात काहीतरी मोठं घडणार, सहा महिन्यांचं धान्य भरा’ असे निरोप आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात. घरात आम्ही चौघं. सासूबाईंना इन्सुलिन लागतं. खरंच किती आणि काय साठवावं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : सहा महिन्यांचं नको, पंधरवड्याचं पुरे. दंगल, संचारबंदी, इंटरनेटबंदी अशा वेळी अडचण येते ती काही दिवसांची. इंटरनेटबंदीचा एक आदेश नियमानुसार १५ दिवसांपेक्षा जास्त काळाचा नसतो (पुढे वाढवता येतो), आणि संचारबंदीही बहुधा खरेदीसाठी काही तास शिथिल होते. सगळ्यांनी एकाच आठवड्यात पोती उचलली, तर रोजंदारीवर जगणाऱ्या शेजाऱ्याला दुकानात काहीच उरत नाही. म्हणून दर महिन्याच्या वाणसामानात थोडं-थोडं वाढवा.

माणशी रोज ३५० ग्रॅम धान्य धरलं, तर चौघांना १५ दिवसांना २१ किलो लागतं. डाळी साडेचार किलो, तेल दोन लिटर. नुसते गहू साठवणं ही नेहमीची चूक. वीज गेली की गिरणीही बंद! निम्मा तांदूळ ठेवा, पाच किलो कणीक, बाकी पोहे-रवा. कणकेला महिन्याभरात जाळी धरू लागते, म्हणून जुनी आधी वापरायची. तुरीला एरंडेल चोळून ठेवा. भरलेला दुसरा सिलिंडर हवाच.

पाण्याचं गणित विजेवर अवलंबून आहे, कारण पंप थांबला की गच्चीवरची टाकी दिवसभरात संपते. पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी तीन लिटर, म्हणजे रोज १२. वीस लिटरचे चार जार सहा दिवस पुरतात.

सर्वांत आधी अडतात ते पैसे. इंटरनेट गेलं की क्यूआर कोड निरुपयोगी. दोन आठवड्यांच्या भाजी-दूध-औषधाइतकी रोकड १०, ५० आणि १०० च्या नोटांत ठेवा. पाचशेची मोड त्या दिवसांत कोणी देत नाही. *९९# या क्रमांकावरून इंटरनेटशिवायही पैसे पाठवता येतात, पण पिन आधीच तयार करून एकदा दहा रुपये पाठवून पाहा.

इन्सुलिनची एक न उघडलेली कुपी कायम जादा असू द्या. ती २ ते ८ अंशांतच हवी. चालू कुपी बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली चार आठवडे टिकते. वेष्टनावरची मुदत मात्र वाचाच. अकोल्याच्या मे महिन्यात घरातलं तापमान त्यावर जातं. वीज नसेल तर मोठ्या मातीच्या कुंडीत लहान मडकं ठेवून मधल्या वाळूत दिवसातून दोनदा पाणी घाला, चालू कुपी कोरड्या डब्यात घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. कोरड्या हवेत हे छान चालतं, पावसाळ्यात नाही. बर्फाला चिकटवून कधीही ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. सुया आणि साखर तपासायच्या पट्ट्या विसरू नका, ऐन वेळी त्याच संपतात.

बातम्यांसाठी सेलवर चालणारा रेडिओ घ्या. सेल बाहेर काढून ठेवा, आत गळले की रेडिओ गेला. नातेवाईक, डॉक्टर आणि पोलीस ठाण्याचे क्रमांक कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ११२ तर पाठ हवाच. मोबाइल इंटरनेट बंद असलं तरी साधा कॉल आणि एसएमएस बहुधा चालतात. फॉरवर्ड आलेल्या निरोपाची खात्री पोलीस ठाण्याच्या क्रमांकावर करा, आणि ती होईपर्यंत तो पुढे पाठवू नका.