सहा वर्षं उभी असलेली गाडी, आणि आणखी काही प्रश्न

प्रश्न : घरची छोटी पेट्रोल गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे. चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. ती घरीच पुन्हा चालती करायची आहे. नवी बॅटरी आणली आहे. आधी इंजिन चालू होतंय का ते बघावं आणि मग पुढचा खर्च ठरवावा, असा विचार आहे. बरोबर आहे का?

उत्तर : बॅटरी अजून जोडू नका. खर्च करायचा की नाही हे इंजिनावरून नाही, पत्र्यावरून ठरतं. या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं. पण दारांखालचे बॉक्स आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे माथे कुजले असतील तर काम महिनोन् महिने चालतं. म्हणून पहिला दिवस टॉर्च आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली घालवा. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवूनच खाली शिरा, नुसत्या जॅकवर कधीही नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोक दाबून बघा. बॅटरीच्या ट्रेखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट बॉडीला जिथे लागतात तिथे विशेष बघा. बॉडीवर कुठे आधीच पुट्टी भरलेली आहे का ते मऊ कापडात गुंडाळलेल्या छोट्या लोहचुंबकाने कळतं: पुट्टी जाड असेल तिथे तो धरत नाही.

पत्रा ठीक निघाला की इंजिनाकडे या. सहा वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑईल निथळून गेलेलं असतं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात दमट हवा शिरते आणि रिंगा गंजाने भिंतीला धरतात. अशा इंजिनाला स्टार्टर मारला की रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडा उमटतो.

प्लगभोवतीचा कचरा हवेने उडवा, मगच प्लग काढा. प्रत्येक भोकातून साधारण १० मिली इंजिन ऑईल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टवर बॉक्सपाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, काही उलटी. मॅन्युअलमध्ये खात्री करा. दोन पूर्ण फेरे झाले म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटला. मध्ये कुठे टणक अडलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल आणि ॲसिटोन समसमान मिसळून सिलिंडरमध्ये सोडा, आठवडाभर थांबा, रोज थोडं मागेपुढे हलवून बघा. हे मिश्रण पेटतं, जवळ ठिणगी नको.

इंजिनाला रबरी टायमिंग बेल्ट असेल तर तो, त्याचा टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप स्टार्टर मारण्याआधी बदला. बेल्ट गाडी चालून जितका संपतो तितकाच उभ्याउभ्याही कडक होतो. तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. इंजिन ऑईल आणि फिल्टर नवे घाला. मग प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर सोडून आणि पेट्रोलचा पाइप पंपापाशी काढून, त्याचं तोंड बंद करून, आता बॅटरी जोडा. दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये मिनिटभर थांबा. ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करायचं.

त्यानंतर कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. धडधाकट पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत; १ बारच्या आतबाहेर फरक चालतो. एखादा आकडा कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पण या आकड्यांवरून लगेच हेड उतरवू नका. दीर्घकाळ उभ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीटवर गंजाची पापुद्री असते, रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, आणि शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर आकडे बरेचदा सुधारतात. तेव्हा पुन्हा मोजा आणि ते पहिलं ऑईलही तेव्हाच काढून टाका.

प्रश्न : कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ केला की गाडी आठ दिवस छान चालते, मग पुन्हा गुदमरते. असं तिसऱ्यांदा झालं. कार्ब्युरेटरच बदलावा का?

उत्तर : कार्ब्युरेटर निर्दोष दिसतो. टाकी काढा. फिल्टर कापून बघितलात तर आत तपकिरी पिठासारखी भुकटी सापडेल; ती इतकी बारीक असते की फिल्टरमधून पार होते आणि जेटपाशी (कार्ब्युरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यापाशी) साठते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली आर्द्रता शोषतं, पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते.

टाकी मोकळ्या हवेत रिकामी करा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत फक्त वाफ असते. फ्लोटचं (पेट्रोलची पातळी मोजणारं) युनिट काढून तोंडं बंद करा. १० लिटर कोमट पाण्याला ५०० ग्रॅम ते १ किलो सायट्रिक ॲसिड, असं द्रावण काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. आत जस्ताचा मुलामा असेल तर हे द्रावण तोही खातं. म्हणून मुलामा बराचसा शाबूत दिसत असेल तर ॲसिड टाळा, मूठभर नट आणि पेट्रोल टाकून हलवून धुवा. ॲसिडनंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. इथे दहा मिनिटं रेंगाळलात तर नारिंगी गंज पुन्हा दिसू लागतो. वाळल्याबरोबर आत थोडं ऑईल मिसळलेलं पेट्रोल फिरवा. टाकीला भोक सापडलं तर टाकी बदला. पेट्रोलच्या टाकीवर घरी वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करायचं नाही, कितीही धुतली असली तरी.

जेट कधीही तारेने कोरू नका. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. क्लीनर आणि हवा, बस्स. पेट्रोलचे सगळे रबरी पाइपही आत्ताच बदला: जुनं रबर इथेनॉलने आतून फुगतं आणि त्याचे कण पुन्हा फिल्टरकडे जातात.

प्रश्न : ब्रेक पाच-सहा वेळा दाबला की पुढचं डावं चाक धरून बसतं आणि गरम होतं. अर्ध्या तासाने आपोआप सुटतं. कॅलिपर नवा टाकला, तरी तेच.

उत्तर : बहुधा त्या चाकाचा रबरी ब्रेक होज आतून बंद होत आला आहे. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुजतो. पाय दाबल्यावर जोराने ऑईल पुढे जातं, परत यायला मात्र जोर नसतो, म्हणून ते अडकतं. खात्री करून घ्या. पुढचा भाग घोड्यांवर चढवा, ब्रेक दाबून चाक धरू द्या. आधी लोखंडी पाइप जिथे होजला जोडला आहे तो नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे (पेडलच्या जोराने ऑईल ढकलणाऱ्या मुख्य पंपाकडे) आहे. पेडलला मोकळी चाल नसेल तर ऑईल परतीचं छिद्र झाकलेलं राहतं. चाक तिथे सुटलं नाही, पण कॅलिपरचा निपल (ऑईल सोडायची छोटी तोटी) उघडताच पिचकारी उडून सुटलं, तर होजच. एकच बदलू नका, चारही चाकांकडचे बदला. वय सगळ्यांचं सारखंच आहे.

नटाला साधा पाना लावू नका, कडा गोल होतात. पाइपावरून सरकणारा फ्लेअर पाना घ्या. निपल हलत नसेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं ऑईल मारा, आणि सोडण्याआधी जरासा आवळायचा प्रयत्न करा. गंज तिथेच तडकतो.

ब्लीडिंग करताना, म्हणजे लाइनमधली हवा काढताना, एक चूक फार होते. पेडल पार तळापर्यंत दाबलं जातं. मास्टर सिलिंडरचा जो शेवटचा भाग वर्षानुवर्षं वापरलाच गेला नाही तिथे गंजाचे कण असतात, आणि सील त्यावरून गेलं की फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते अर्ध्यावर थांबेल. चाकांचा क्रम मॅन्युअलमधलाच ठेवा, कारण बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी, पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी विभागलेली असते. ऑईल नव्या सीलबंद डब्यातलं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. सिलिकॉनवालं डॉट ५ यात कधीही मिसळू नका.

प्रश्न : ड्रायव्हरच्या पायाखाली मुठीएवढं भोक पडलं आहे. कार्पेट कायम ओलं असतं. फायबर चिकटवून वरून रंग मारला तर चालेल ना?

उत्तर : नाही. फ्लोअर भार पेलतो, सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट त्यालाच आहेत. फायबर गंजलेल्या पत्र्याला धरत नाही, कड सुटते, फटीत पाणी राहतं आणि गंज नजरेआड वाढतो.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर नवा पत्राही दोन पावसाळ्यांत जाईल. बाहेर एक माणूस पाइप घेऊन खालून वर पाणी मारत जाईल आणि आत एक टॉर्च धरून बसेल. बहुतेक वेळा काचेखालच्या जाळीतली निचऱ्याची भोकं पानांनी बुजलेली असतात, नाहीतर दाराच्या पॅनेलमागचं प्लॅस्टिक फाटलेलं असतं. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही. हीटरचा रेडिएटर गळतोय.

मग भोक मोठं करा. कापत कापत अशा पत्र्यापर्यंत जा जो चकचकीत आहे आणि जाडीला पूर्ण आहे. मुठीएवढं भोक ताटाएवढं होतं, घाबरू नका. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, मग ०.८ ते १ मिमीच्या पत्र्याचा तुकडा. वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या यंत्राने), ०.६ मिमी तारेने. सलग टाका ओढलात तर पत्रा लाटा मारतो. दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक टॅक (ठिपक्याएवढा टाका), एक इकडे तर पुढचा समोरच्या बाजूला, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा. त्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर सोडा, कार्पेट आणि डांबरी थर हातभर दूरपर्यंत काढा, खालून जाणारे पेट्रोल आणि ब्रेकचे पाइप बाजूला करा. वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास गाडीजवळच थांबा. धुमसणारा फोम उशिरा पेटतो. वेल्डिंग येत नसेल तर कापणं, घासणं, साचा आणि तुकडा हे सगळं घरी करा आणि फक्त टाके घालायला जाणकाराला बोलवा. वेळ सगळा तयारीतच जातो.

उघड्या लोखंडावर थेट पुट्टी नको. आधी इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांना सीलर, मग रंग. गंज काळा करणारं कन्व्हर्टर फक्त बारीक खड्डे पडलेल्या, पण शाबूत पत्र्यावर. पापुद्रे सुटत असतील तर त्याचा उपयोग नाही. शेवटी दारांखालच्या बॉक्समध्ये आतून पातळ मेण फवारा, आणि तळाची निचऱ्याची भोकं त्याने बुजली नाहीत ना, ते तार घालून बघा.

प्रश्न : टायरची नक्षी जवळपास नव्यासारखी आहे. ठेवावेत का?

उत्तर : टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी न बघता काढा, सहांपुढचे असतील तर भेगा आणि फुगवटे तपासा. एकाच जागी उभ्या गाडीचे टायर चपटे होऊन बसतात, त्याने चालताना बसणारा धक्का काही किलोमीटरनंतरही जात नसेल तर ते गेलेच.

प्रश्न : पुढच्या सस्पेन्शन आर्मचे सगळे रबरी बुश नवे टाकले. दोन-तीन महिन्यांत रबर फाटलं. माल नकली होता का?

उत्तर : बोल्ट कसे आवळले ते आठवा. गाडी हवेत, चाकं लोंबकळत असताना ते घट्ट केले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी जमिनीवर येताच ते पीळ खातं आणि पुढे प्रत्येक खड्ड्यागणिक आणखी पिळतं. बोल्ट आधी नुसते हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून खालीवर होऊ द्या, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. खाली हात पोचत नसेल तर आर्मखाली जॅक लावून, गाडी घोड्यावरून किंचित उचलली जाईपर्यंत वर घ्या आणि त्या उंचीवर आवळा.