डोळ्यात कॅन्सरचं इंजेक्शन घ्यावं का?

प्रश्न: माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. दिवाळीपासून त्यांना दाराची चौकट वाकडी दिसते. उजव्या डोळ्यानं पोथी वाचताना मधलीच अक्षरं पुसल्यासारखी वाटतात. तपासणीत वयामुळे होणारा ‘ओला’ मॅक्युलाचा आजार निघाला. डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सांगितलंय. एक औषध महाग आहे. दुसरं स्वस्त, पण ते मुळात आतड्याच्या कॅन्सरचं आहे म्हणे. घरचे म्हणतात, या वयात प्रयोग नकोत. काय करावं? पोथी पुन्हा वाचता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, दोन्हींपैकी कुठलंही औषध निवडा, पण याच आठवड्यात निवडा. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, जिथे आपली बारीक नजर असते त्या मॅक्युलात, खालून कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि त्यांतून पाणी झिरपतंय, म्हणून हा आजार ‘ओला’. दिवस गेले की तिथे व्रण धरतो, आणि व्रणाखाली गेलेली नजर कुठल्याच औषधानं परत येत नाही.

आता कॅन्सरचं. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्यांना वाढायला लावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन नेपोलिओन फेरारा यांनी १९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीत वेगळं काढलं. त्याला अडवणारं बेवासिझुमॅब, म्हणजेच ॲव्हॅस्टिन, अमेरिकेत २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. सासूबाईंच्या पडद्यामागेही हेच प्रथिन काम करतंय. ॲव्हॅस्टिन कॅन्सरच्या पेशींना मारणारं विष नाही, ते या प्रथिनाला बांधून ठेवतं.

हीच कंपनी डोळ्यासाठी ल्युसेंटिस (रॅनिबिझुमॅब) हे वेगळं औषध तयार करत होती, पण ते तेव्हा अजून चाचण्यांत होतं. रुग्णांची नजर मात्र रोज जात होती. मायामी विद्यापीठाच्या बॅस्कम पामर नेत्रसंस्थेत डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी ॲव्हॅस्टिन आधी शिरेतून देऊन पाहिलं. फायदा दिसला, पण काहींचा रक्तदाब वाढला. मग २००५ मध्ये त्यांनी त्याचा अगदी थोडा अंश एका रुग्णाच्या थेट डोळ्यात दिला. आठवड्याभरानं काढलेल्या ओसीटीत (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) पडद्याखालचं पाणी ओसरलेलं होतं. त्या काळी मी रेटिनाचं शिक्षण घेत होतो. तोवर अशा रुग्णाला आम्ही लेझर किंवा फोटोडायनॅमिक उपचार (शिरेतून औषध देऊन ते प्रकाशानं जागं करायचं) द्यायचो आणि ‘आहे तेवढं टिकवू’ म्हणायचो, तेही बहुतेकदा टिकायचं नाही. ते ओसीटीचे फोटो पाहून आमच्या विभागातल्या वडीलधाऱ्या डॉक्टरांचेही डोळे भरून आले होते.

घरच्यांची ‘प्रयोग’ ही शंका रास्त आहे. एका रुग्णावरून निष्कर्ष काढायचा नसतोच. म्हणून अमेरिकेत सरकारी पैशातून दोन्ही औषधांची समोरासमोर चाचणी झाली, सुमारे १,२०० रुग्णांवर. २०११ मध्ये निकाल आला: दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांना वर्षभरानं तक्त्यावर ॲव्हॅस्टिननं सरासरी ८ अक्षरं जास्त वाचता येऊ लागली, ल्युसेंटिसनं साडेआठ. तेव्हा तिथे एका डोसची किंमत होती ५० डॉलर विरुद्ध २,००० डॉलर. ॲव्हॅस्टिनच्या गटात इतर आजारांसाठी दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, पण ते आजार या औषधाशी सहज जोडता येण्यासारखे नव्हते. तरी सासूबाईंना अलीकडे हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. ही माहिती दोन्ही औषधांच्या बाबतीत लागते. २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डोळ्यासाठी बेवासिझुमॅब आहे. माझी आई असती तर मी तिला हेच दिलं असतं.

खरी विचारपूस करायची ती सिरिंजची. कुपी असते ४ मिलिलिटरची, डोळ्याला लागतं ०.०५. त्यात जंतुनाशक मिसळलेलं नसतं, त्यामुळे एका कुपीतून अनेक सिरिंजा भरताना हलगर्जी झाली तर डोळ्यात जंतू जातात आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सिरिंज कुठे भरली, निर्जंतुक कक्षात भरली का, कोणत्या तारखेला भरली, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. समाधान झालं नाही तर एका डोसचं तयार औषध घ्या, भारतात बनलेलं रॅनिबिझुमॅबही मिळतं.

सासूबाईंना सुईची धास्ती असणार. डोळा बधिर करतात, बीटाडीन घालतात (ते चुरचुरतं, सुईपेक्षा जास्त), पापण्या उघड्या ठेवायला चिमटा लावतात. बुबुळाच्या कडेपासून साधारण ४ मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात, केसासारखी बारीक सुई जाते. डोळ्यासमोर काळे गोल बुडबुडे तरंगले तर घाबरू नका, एकदोन दिवसांत जातात. पण डोळा ठणकायला लागला, लाल झाला, नजर आणखी धूसर झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.

पोथीचं म्हणाल तर, आत्ताचं पाणी ओसरलं की काही अक्षरं परत येतील, सगळी येतीलच असं वचन मी देणार नाही. पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर बरं वाटतं आणि नेमकं तिथेच लोक थांबतात. तसं करू नका. डावा डोळा चांगला असेल तर त्याच्यावर आता घरच्यांचंच लक्ष हवं: रोज सकाळी उजवा झाकून, वाचायचा चष्मा लावून, चौकटीच्या वहीचं पान बघायला सांगा. एक जरी रेघ वाकली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.