वाहिनी उघडायची, की आधी पोहोचवायची?

प्रश्न : सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात एकटं आयवाकाफ्टर हे औषध काही रुग्णांनाच का लागू पडतं?

उत्तर : बिघाड नेमका कुठे आहे, त्यावर ते ठरतं. जी५५१डी उत्परिवर्तनात क्लोराइड वाहून नेणारी सीएफटीआर वाहिनी पेशीपटलावर पोहोचते, पण क्वचितच उघडते. आयवाकाफ्टर तिला चिकटून जास्त वेळ उघडी ठेवतं. एफ५०८डेल या उत्परिवर्तनात मात्र वाहिनीच्या प्रथिनातल्या १४८० अमिनो आम्लांपैकी ५०८वं फेनिलअलानिन गळतं, प्रथिनाची घडी चुकते आणि पेशी बहुतेक प्रथिन वाटेतच मोडीत काढते. पटलावर वाहिनीच नसेल तर उघडणार काय? म्हणून टेझाकाफ्टर, एलेक्साकाफ्टर हे घडी सावरणारे रेणू जोडीला लागतात. आयवाकाफ्टरची गोळी स्निग्ध पदार्थासोबतच घ्यावी. उपाशीपोटी शोषण बरंच घटतं. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचं प्रतिजैविक चालू असेल तर यकृत आयवाकाफ्टर झपाट्याने संपवतं, म्हणून ती दोन्ही एकत्र देत नाहीत.