बाजूला शून्य, वर झुलपे

वाचकांचे प्रश्न : पुरुषांची केशरचना

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा दोन्ही बाजूंचे केस मशीनने पार साफ करून घेतो आणि वर मात्र चांगली चार बोटे झुलपे राखतो. याला फेड म्हणतात, असे तो सांगतो. मला हे सभ्य वाटत नाही. त्यातून पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. आपले मत काय?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचा राग मला नवा नाही, कारण गेली तीस वर्षे दुकानात खुर्चीमागे उभा राहून मी तो ऐकत आलो आहे. मात्र बाजू साफ ठेवून वर केस राखणे हे आपल्याकडे अपूर्व आहे, असे मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात शेंडी आणि तिच्याभोवतीचा घेरा राखणारे गृहस्थ कपाळापासून कानशिलांपर्यंतचा भाग वस्तऱ्याने गुळगुळीत करून घेत असत, आणि पुढच्या पिढीने घेरा टाकून सगळ्या डोक्यावर केस वाढवले व भांग पाडला, तेव्हा तेही वडीलधाऱ्यांना रुचले नव्हते. १९७० च्या दशकात अमिताभ बच्चन यांच्यासारखे कानांवर आलेले केस आणि लांब कल्ले ठेवणाऱ्यांना काय काय ऐकावे लागले, हे कदाचित तुमच्या घरातल्या जुन्या अल्बमवरूनही कळेल. महेंद्रसिंह धोनीच्या खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरही नाके मुरडली गेली. परंतु २००६ मध्ये लाहोरच्या सामन्यानंतर पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनीच ते कापू नकोस, असा सल्ला त्याला जाहीरपणे दिला. पुढे त्याने ते कापले, ते स्वतःच्या मर्जीने.

फेड एवढा पसरला, त्याला नटांच्या आणि खेळाडूंच्या अनुकरणाखेरीज एक साधे व्यावहारिक कारण आहे. आपल्याकडे अनेकांचे केस सरळ आणि राठ असतात, आणि असे केस कानांच्या वर सेंटिमीटरभर वाढले की खाली न बसता आडवे उभे राहतात, त्यामुळे चेहरा रुंद दिसतो. तेवढाच भाग बारीक केला की चेहरा लगेच आटोपशीर वाटतो. मुलांना हे कारण सांगता येत नाही, पण आरशात ते दिसते.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती सभ्यतेपेक्षा खर्चाची आणि मापाची आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आज शून्यावर असलेला भाग पंधरा दिवसांत पाच मिलिमीटर होतो आणि खालून वर चढत जाणारी ती छटा, जिच्यासाठी कारागिराने पाऊण तास घातलेला असतो, पुसली जाते. त्यामुळे हा कट दर दोन-तीन आठवड्यांनी नव्याने करावा लागतो, हे मुलाला आधी समजावून सांगा. त्याचे पैसे त्याच्याच खिशातून गेले तर प्रश्न निम्मा सुटेल. शिवाय अगदी शून्यावर नेले की लहानपणच्या खोका आणि कवटीचे उंचवटे उघडे पडतात. खाली मशीनच्या एक नंबरपासून (सुमारे तीन मिलिमीटर) सुरुवात केलेला फेड मला स्वतःला अधिक शोभिवंत वाटतो. ब्लेडने कोरलेल्या रेघा आणि नक्षी मात्र मला मुळीच आवडत नाहीत, आणि गिऱ्हाईक फारच हट्टाला पेटल्याखेरीज मी त्या काढत नाही.

लग्नासाठी केस आदल्या दिवशी कापू नयेत. नुकतीच उघडी पडलेली कातडी उन्हाने रापलेल्या चेहऱ्यापेक्षा फिकी असते आणि छायाचित्रात तो पट्टा वेगळा उठून दिसतो. चार दिवस आधी न्या.

प्रश्न : माझे वय ४१. माथ्यावरचे केस विरळ झाल्याने एका बाजूचे केस वाढवून मी ते टकलावरून दुसरीकडे वळवतो. हे वाईट दिसते का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय, दिसते. स्कूटरवर वाऱ्याने ते केस उलटतात, तेव्हा तर लपवलेली गोष्टच सर्वांत आधी नजरेत भरते. बाजूचे केस दोन नंबरने कापून घ्या, वरचे त्याहून किंचित लांब ठेवा, आणि जमले तर दाढी नीट राखा. बाजू आणि माथा यांतला फरक जितका कमी, तितके विरळपण कमी जाणवते. औषधाचा विचार असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधाचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, आणि ते थांबवले की आलेले केसही हळूहळू जातात.

प्रश्न : मी फोनवर फोटो दाखवतो, कारागीर मान हलवतो आणि शेवटी दरवेळी तोच कट करतो. चूक कोणाची?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : बऱ्याचदा फोटोची. फोटोतल्या माणसाचे केस लाटेदार असतात, तुमचे सरळ. त्याचा भोवरा मधोमध असतो, तुमचा कडेला. भोवऱ्याजवळ केस फार आखूड केले की ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात आणि कितीही तेल चोपडले तरी बसत नाहीत. म्हणून अनुभवी कारागीर तिथे कात्री आखडती घेतो आणि तुम्हाला वाटते, त्याने ऐकलेच नाही.

‘बारीक’ आणि ‘मिडियम’ हे शब्द सोडून द्या, कारण ते प्रत्येक दुकानात वेगळे असतात. आकडे सांगा : मशीनचा एक नंबर म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे दहाच्या आसपास आणि चार म्हणजे तेरा. आणि हे सगळे अंगावर कापड टाकण्यापूर्वी, केसांवर पाणी फवारण्यापूर्वी सांगा. ओले केस लांब दिसतात, वाळले की आक्रसतात, आणि त्या अर्ध्या इंचाचे भांडण मग महिनाभर चालते.