माळ्यावर सापडलेला दांडपट्टा आपल्याच घराण्याचा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या घराच्या माळ्यावर गंजलेला दांडपट्टा सापडला. चुलते सांगतात, आपले पूर्वज शिवरायांच्या फौजेत पटाईत, म्हणजे पट्टा चालवणारे, होते. हे कितपत खरं धरायचं आणि अशी विद्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकते तरी कशी, असा तुमचा प्रश्न आहे. मी कोल्हापूरचा. आमच्या घरात पट्टा आहे आणि तो चालवणारे हातही अजून आहेत, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे त्याला पॉलिश पेपर लावू नका, चिंच-लिंबूही नको. कोरड्या फडक्याने धूळ झटका आणि तेलाचा हलका हात फिरवा. जुन्या पात्यावर कधी कधी छाप किंवा अक्षरं असतात, ती घासल्यावर कायमची जातात. अक्षरं परदेशी निघाली तर नाराज होऊ नका. मराठ्यांच्या फौजेत युरोपातून आलेली पाती भरपूर होती, फिरंग हे नाव त्यातूनच आलं.

आता चुलत्यांच्या बोलण्याबद्दल. आमच्याही घरात हेच सांगत आणि विशीपर्यंत मी ते शपथेवर सांगत होतो. पट्टा शिवकाळात होता यात शंका नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडा महाराजांवर पट्टा घेऊनच धावला होता आणि जिवा महालाने त्याचा तो हात तोडला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तिथली. ‘पटाईत’ हा शब्दही पट्ट्यातूनच आला. पण शस्त्र शिवकाळातलं असणं वेगळं आणि आपल्या घराची साखळी तिथपर्यंत पोचणं वेगळं. आमच्या घरी त्याचा एकही कागद नाही. मला खात्रीने पणजोबांपर्यंत जाता येतं, त्याच्यामागे मी जात नाही.

पणजोबा संस्थानच्या काळातले. तोवर या विद्येचं लढाईतलं काम संपलं होतं. १८१८ ला पेशवाई गेली, १८४४ ला गडकऱ्यांचा, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीचा, उठाव मोडल्यावर इंग्रजांनी आमच्याकडच्या किल्ल्यांचे दरवाजे आणि तट पाडले, १८५७ नंतर लोकांकडची हत्यारं काढून घेतली आणि १८७८ ला हत्यारांचा कायदा आला. जे उरलं ते ‘मर्दानी खेळ’ या नावाने उरलं. या नावातला ‘खेळ’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या आडोशाने ही विद्या जगली. गणपतीची मिरवणूक, पालखी, उरूस, मोहरम, दसरा, जिथे हलगी वाजली तिथे पट्टा फिरला. कोल्हापूरला शाहू महाराजांसारखा आखाड्यांवर जीव लावणारा राजा मिळाला, हे आमचं भाग्य.

पणजोबा १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेले. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. विद्या तिथेच संपायची. ती संपली नाही याचं कारण पणजोबांचे एक शागिर्द, शेजारच्या गल्लीतले शिकलगार. हत्यारांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. हत्यारं गेली तशी विळे, कात्र्या आणि अडकित्त्यांवर आले. आजोबा बारा वर्षांचे झाले तेव्हा ते स्वतः आमच्या दारात आले आणि पणजीला म्हणाले, “वैनी, पोरगं माझ्याकडं द्या. माझ्याकडं तुमचंच ठेवलंय ते.” हे वाक्य आमच्या घरात पाठ आहे. आजोबांचे वस्ताद ते. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की आमचा पहिला नारळ आजही त्यांच्या घरी जातो.

माझी पाळी १९८१ ला आली. वडील नोकरीच्या पाळ्यांत अडकले, त्यांना कधी जमलं नाही. मी नऊ वर्षांचा, आजोबा एकोणसत्तर. पहिलं वर्षभर हातात काही दिलं नाही. अंगणात राखेने चौक आखायचे आणि त्यात नुसते पाय. चुकलं की म्हणायचे, “हात मागनं बघू, पाय कुठं हाय तुझा?” मग काठी, मग फरी-गदका (छोटी ढाल आणि सरावाची काठी), ढाल-तलवार आणि सगळ्यात शेवटी पट्टा.

पट्टा शेवटी का, हे तो हातात घालून बघाल तेव्हा कळेल. कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबळ्यात हात जातो, आत आडवी मूठ असते आणि पुढे चारेक फुटांचं लवचिक पातं. मनगट वळतच नाही. तलवारीला मनगट आहे, पट्ट्याला नाही. त्याला खांदा आणि कंबर फिरवावी लागते आणि कंबर पायांवर फिरते. पातं मधेच थांबवायला गेलात तर ते लवून तुमच्याच अंगावर येतं, म्हणून ते वर्तुळात फिरतं ठेवून अंग वळवायचं. एकट्याने चार जणांना लांब ठेवायचं हे हत्यार आहे. ‘तोंडाचा पट्टा’ आपण म्हणतो ना, तसा तो अडवता येत नाही. जमिनीवरचं लिंबू कापताना लोक टाळ्या वाजवतात, पण खरी परीक्षा कापून झाल्यावर पातं कुठे जातं त्यात असते.

दोन्ही हातांत दोन पट्टे हा आजोबांचा नावाजलेला हात होता, असं सगळे सांगतात. मी तो पाहिला नाही. मी शिकायला लागलो तोवर वाताने त्यांचा डावा खांदा वर जात नव्हता. ते तोंडाने सांगत, मी करायचो आणि ते मान हलवायचे, “असं न्हाई.” १९९६ मध्ये ते गेले तेव्हा दोन पट्ट्यांचा हात आमच्या घरातून गेला होता. तो मला परत मिळाला त्याच शिकलगार वस्तादांच्या नातवाकडून. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान बंद झाल्यावर रात्री मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला दोन पावसाळे शिकवलं. पैशाचं नाव काढलं तर रागावले.

म्हणून घराण्याची विद्या म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बापाकडून मुलाकडे येणारी सरळ रेघ येत नाही. आमच्याकडे ती दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा गल्लीपलीकडच्या एकाच घराने जोडली. वंशावळीत त्या घराचं नाव कुठेच नाही. प्रात्यक्षिकाच्या मंचावरून कुणी ‘थेट मावळ्यांपासून अखंड’ असं बोललं की मला वाईट वाटतं, कारण त्या ‘अखंड’मध्ये ही माणसं पुसली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं त्याचा आनंद आहेच. त्या दिवशी मी पेढे घेऊन आधी त्यांच्याच दुकानात गेलो.

तेव्हा तुम्हीही वंशावळ नंतर काढा. खोबळ्याच्या आतली आडवी मूठ बघा. ती हाताने झिजलेली असेल, तिच्यावर सुताच्या किंवा फडक्याच्या गुंडाळ्या असतील, तर तो नुसता पूजेला ठेवलेला नव्हता. गावात शिकलगाराचं घर होतं का, तालीम कुठे होती, उरसात आणि पालखीत पुढे कोण खेळायचं, हे विचारा. आणि हलगी वाजवणाऱ्यांच्या घरी जरूर जा. कुणाच्या हाताला कोणता ठेका लागायचा हे तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोटांत असतं. आजोबांचा ठेका मी तिथेच ऐकला, ते गेल्यावर चार वर्षांनी.