मिनेसोटात लसूण कधी लावावा? थंडीच्या आधी, की एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर?

एप्रिलची वाट बघू नका. जमीन गोठायच्या चार-सहा आठवडे आधी लावायचा. मिनियापोलिसकडे म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला.

पहिल्या वर्षी मी थोरल्या भावजींचं ऐकलं होतं. ते इथे आमच्या दहा वर्षं आधी आलेले. म्हणाले, "उणे तीसमध्ये पाकळी कुजेल, मेमध्ये लाव." बाबा जुन्नरहून फोनवर सांगत होते, "घट बसले की वाफा कर, दिवाळीच्या आत टोकून मोकळी हो." भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, जुन्नरचं पंचांग इथे चालत नाही. मला ते फार लागलं, पण गप्प बसले. मेमध्ये ६० पाकळ्या टोकल्या. ऑगस्टमध्ये उपटल्या तर जवळजवळ सगळा लसूण एककळी, गोटीएवढा. ६० लावल्या, ६०च परत आल्या.

लसणाच्या गड्ड्यात पाकळ्या पडायला आधी काही आठवडे थंडी खावी लागते. जुन्नरला ती हिवाळ्यातल्या रात्री देतात, इथे गार पडत जाणारी जमीन देते. गोठायच्या आत मुळं धरली की पाकळी बर्फाखाली निवांत झोपते. बाबांनी बर्फ कधी पाहिला नाही, पण त्यांचा मुहूर्त इथेही बरोबर निघाला. पुढच्या वर्षी १२ ऑक्टोबरला टोकला आणि जुलैत मुठीत न मावणारे गड्डे काढले.

बी मात्र हार्डनेक जातीचं घ्या, म्हणजे मधे कडक दांडा येणारं; त्यातला 'म्युझिक' वाण इथे छान येतो. वाण्याकडचा लसूण बहुतेक सॉफ्टनेक, म्हणजे मऊ मानेचा असतो, इथल्या थंडीत त्याचा भरवसा नाही. शेंडा वर, दोन इंच खोल, सहा इंचांवर. वर चार इंच गव्हाचं काड, नाहीतर जमीन गोठते-वितळते तशी पाकळी वर उचलली जाते. जूनमध्ये मधला वळणदार दांडा येतो तो खुडून टाका. त्याची चटणी पातीच्या चटणीइतकीच झकास होते.

हे आमच्या भागाचं झालं. टोरांटोकडे असाल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतही चालतं. आणि मुहूर्त हुकलाच, तर पाकळ्या काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवून जमीन मोकळी होताच लावा, गड्डे लहानच येतील.

घरात कुणी "बर्फात काय उगवणार" म्हणालं, तर एप्रिलमध्ये त्यांना वाफ्यापाशी न्या आणि काड बाजूला करून हिरवे कोंब दाखवा. मी भावजींना दोनदा बोलावलं. ते आले नाहीत, अजून मेमध्येच लावतात.