गेम खेळताना लॅपटॉप ९५ अंशांवर जातो. मडगावात राहतो, एसी नाही. काय करू?

घाबरू नका. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, लगेच जळत नाहीत. पण गेम अडकायला लागतो तो तिथेच.

आधी मागच्या जाळीत टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर तिचा घट्ट थर जमतो आणि गरम हवा बाहेरच पडत नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडून मऊ ब्रशने तो थर काढा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाईल. (वॉरंटी चालू असेल तर आधी अटी वाचा.)

मग गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपवर याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान झटकन उतरतं. माझ्या मते फुकटातला सगळ्यात चांगला उपाय हाच.

मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, गादीवर तर अजिबात नको. कूलिंग पॅडवर पैसे शेवटी घाला. त्याआधी, लॅपटॉप तीन-चार वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घ्या.